क्रिटिकलचे घरचे नियम बदलूनही तीच तक्रार येते? घोळ नेमका कुठे आहे ते असं शोधा

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिका-खेळ) खेळणाऱ्या जवळपास प्रत्येक ग्रुपमध्ये हा प्रश्न थोड्या थोड्या महिन्यांनी डोकं वर काढतो. हल्ला करताना कुणाच्या तरी वीस बाजूंच्या फाशावर (डी२०) थेट २०, म्हणजे नॅचरल २०, पडतो आणि क्रिटिकल (थोडक्यात क्रिट) लागतो, टेबलावर आरडाओरडा होतो आणि मग डॅमेजच्या फाशांवर १ आणि २ येतात. सगळा जोश ओसरतो. कुणीतरी सुचवतं, क्रिटला एक फासा मॅक्सच धरू या. सगळे हो म्हणतात आणि काही सेशन मजेत जातात. मग एका ऑर्कची कुऱ्हाड पहिल्या लेव्हलच्या विझर्डवर पडते आणि पात्र जागच्या जागी मरतं. आता तोच ग्रुप म्हणतो की हा नियम फारच जीवघेणा आहे. नियम मागे घेतला की पहिली तक्रार पुन्हा सुरू.

हे चक्र थांबत नाही, कारण एकाच नावाखाली दोन उलट तक्रारी फिरत असतात. एकाला क्रिट पुरेसा मोठा वाटत नाही, दुसऱ्याला तो फार मोठा वाटतो. पहिला बहुतेक वेळा खेळाडूंच्या क्रिटबद्दल बोलत असतो आणि दुसरा राक्षसांच्या. नियम मात्र दोघांसाठी एकच बदलला जातो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार. म्हणून काहीही बदलण्याआधी टेबलावर एक प्रश्न विचारा: शेवटचा वाईट वाटलेला क्रिट कुणी मारला होता? उत्तर मिळालं की निम्मं काम झालं.

पुढचे आकडे पाचव्या आवृत्तीचे आहेत. राक्षसांची माहिती २०१४ च्या पुस्तकातली घेतली आहे. पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाची दुसरी आवृत्ती खेळत असाल तर हे आकडे तुम्हाला लागू पडणार नाहीत. तिथे समोरच्याच्या एसीपेक्षा (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) १० ने जास्त आलं तरी क्रिट होतो, त्यामुळे क्रिटचं प्रमाण समोर कोण आहे त्यावर फिरतं.

आधी मूळ नियम तपासा

अटॅक रोलवर २० पडला की डॅमेजचे सगळे फासे दुप्पट टाकायचे आणि वरची भर एकदाच धरायची. स्नीक अटॅकचे (चोरपात्राच्या अचूक घावाचे) फासे, स्माइटचे (पॅलाडिन या धर्मयोद्ध्याच्या दैवी घावाचे) फासे, शस्त्राला लागलेल्या जादूचे फासे, सगळे दुप्पट. स्ट्रेंग्थचे +४ मात्र +४ च राहतात. पुष्कळ टेबलांवर सगळी बेरीज करून तिची दुप्पट करतात, काही ठिकाणी फक्त शस्त्राचा फासा दुप्पट करतात, आणि दोन्हीकडे 'पुस्तकात असंच आहे' हा समज पक्का असतो. फायरबॉलसारख्या सेव्हिंग थ्रोच्या (ज्यात समोरचा फासा टाकून वाचायला बघतो) मंत्राला क्रिट नसतो, अटॅक रोल असलेल्या फायर बोल्टला असतो. कुलूप उघडताना किंवा दरबारात थाप मारताना २० पडला म्हणून काम आपोआप होत नाही. हे सगळं एकदा सर्वांसमोर वाचून घ्या. काही ग्रुपची तक्रार इथेच मिटते, कारण ते नकळत वेगळाच नियम खेळत असतात.

तक्रार पहिली: क्रिट पडतो, पण फुसका निघतो

ही तक्रार खरी आहे आणि आकड्यांतही दिसते. लाँगसोर्डचं डॅमेज १डी८+४ (आठ बाजूंचा एक फासा, वर ४) धरा. साधा फटका सरासरी साडेआठ, जास्तीत जास्त १२. क्रिटला २डी८+४, सरासरी १३. पण दोन डी८ ची बेरीज ८ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता ६४ पैकी २८ आहे. म्हणजे जवळजवळ ४४ टक्के क्रिट हे साध्या फटक्याच्या कमाल डॅमेजच्या वर जातच नाहीत. खेळाडूला जे जाणवतं ते बरोबरच आहे. वीस फेकींत एकदा येणारा क्षण आणि त्यातले निम्म्याला थोडे कमी क्षण फुकट.

यावरचा सर्वांना माहीत असलेला उपाय म्हणजे एक संच मॅक्स धरायचा आणि दुसरा टाकायचा. लाँगसोर्डला हे ८ + १डी८ + ४ होतं: कमीत कमी १३, सरासरी साडेसोळा. म्हणजे सगळ्यात फुसका क्रिटसुद्धा साध्या फटक्याच्या कमालपेक्षा एकने जास्त. डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) भीती असते की याने खेळाचा तोल जाईल. हिशोब करून बघा. सरासरीतला फरक साडेतीनचा, आणि तो वीस हल्ल्यांत एकदा येतो. एका हल्ल्यामागे ०.१७५ डॅमेज. फायटरला, रेंजरला, बार्बेरियनला हा नियम बिनधास्त द्या. तिसऱ्या लेव्हलचा चॅम्पियन १९ वरही क्रिट मारतो, त्यालाही द्या. तोल जात नाही, टेबल खूश होतं.

अपवाद एकच आणि तो मोठा आहे: एकाच फटक्यात मूठभर फासे ओतणारी पात्रं. पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनने क्रिट बघून दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट (जादू वापरायच्या मोजक्या संधींपैकी एक) स्माइटला लावला, तर मूळ नियमाने ८डी८+४, सरासरी ४० डॅमेज होतं. मॅक्सच्या नियमाने तेच ५४ होतं. पॅलाडिन स्माइट फटका लागल्यावर ठरवतो, त्यामुळे तो स्लॉट क्रिटसाठी राखून ठेवतो आणि तुमचा दोन महिने रंगवलेला खलनायक पहिल्याच राउंडला आडवा होतो. शंका असेल तर मॅक्सचा नियम फक्त शस्त्राच्या स्वतःच्या फाशांपुरता ठेवा. स्माइट आणि स्नीक अटॅक नेहमीसारखे दुप्पट टाकायचे. पॅलाडिन खेळणारा थोडा कुरकुरेल, पण दुप्पट फासे हातात घेण्याची मजा त्याच्याकडे तशीही असतेच.

तक्रार दुसरी: एका फटक्यात पात्र मेलं

इथे सगळ्यात जास्त ग्रुप अडकतात, म्हणून जरा खोलात जातो.

पहिल्या लेव्हलचा विझर्ड घ्या, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४, हिट पॉइंट (अंगातला जीव) ८. समोर ऑर्क, ग्रेटॲक्सचं डॅमेज १डी१२+३. नियम असा की शून्यावर आल्यानंतर उरलेलं डॅमेज तुमच्या कमाल हिट पॉइंटएवढं किंवा जास्त असेल, तर डेथ सेव्ह (जीव वाचवायच्या फेकी) वगैरे काही नाही, पात्र तिथेच मेलं. म्हणजे पूर्ण तब्येतीत असलेल्या या विझर्डला एका फटक्यात मारायला १६ डॅमेज लागतं. ऑर्कच्या साध्या फटक्याचं कमाल डॅमेज १५. तो कितीही जोरात लागला तरी विझर्ड फक्त बेशुद्ध पडतो.

क्रिटला २डी१२+३ होतं. १६ किंवा जास्त यायची शक्यता १४४ पैकी ७८, म्हणजे ५४ टक्के. मूळ नियमानेच अर्ध्याहून जास्त वेळा विझर्ड थेट मेला. आता मॅक्सचा घरचा नियम लावा: १२ + १डी१२ + ३. कमीत कमी १६. शक्यता शंभर टक्के. ऑर्कचा एकही क्रिट असा उरत नाही ज्यातून हा विझर्ड वाचेल. टेबलावर टाळ्या घेऊन आलेला तोच नियम इथे फाशीची शिक्षा होतो.

लांडग्यांचंही असंच. चाव्याचं डॅमेज २डी४+२. मूळ क्रिटने याच विझर्डला थेट मारण्याची शक्यता ६ टक्क्यांच्या आत, मॅक्सच्या नियमाने साडेसदतीस. आणि लांडगे एकटे येत नाहीत. पॅक टॅक्टिक्समुळे (साथीदार लक्ष्याजवळ असण्याचा फायदा) त्यांना ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन डी२० टाकून चांगला घ्यायचा, आणि क्रिटची शक्यता ५ वरून ९.७५ टक्के होते. पाच लांडगे एकाच राउंडमध्ये चावले, तर किमान एक क्रिट पडण्याची शक्यता ४० टक्के. आठ कोबोल्ड असतील तर ५६ टक्के. डीएमला वाटतं नशीब फिरलं. नशिबाचा इथे काही संबंध नाही. चकमक लिहिली तेव्हाच हे ठरलं होतं.

यामागे एक साधी गोष्ट आहे, ती नीट उमगली की बाकीचे निर्णय सोपे होतात. गॉब्लिन दोन-तीन राउंड जगतो. त्याच्यावर आयुष्यात चार-पाच हल्ले होतात आणि त्यातला एखादा क्रिट पडला तर तो थोडा लवकर मरतो, इतकंच. खेळाडूच्या पात्रावर मात्र सेशनमागून सेशन हल्ले होत राहतात. एका सेशनला दहा हल्ले आणि तीस सेशनचं कॅम्पेन धरलं, तर तीनशे हल्ले, म्हणजे सरासरी पंधरा क्रिट एकाच पात्राच्या अंगावर. राक्षसाला यातला एकच जमावा लागतो. पात्राला पंधराच्या पंधरा निभावावे लागतात. त्यामुळे क्रिट मोठा करणारा कुठलाही नियम दोन्ही बाजूंना सारखा लावला, तरी तो दूरवर राक्षसांच्याच पदरात पडतो. हा मुद्दा नवा नाही. डी अँड डी १९७४ मध्ये आला तेव्हा त्यात क्रिट नव्हता. दुसऱ्याच वर्षी एम. ए. आर. बार्कर यांच्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या खेळात २० पडल्यावर दुप्पट डॅमेजचा नियम आला. डी अँड डीचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांचा अशा नियमांना सत्तरच्या दशकातच विरोध होता, आणि त्यांचा एक आक्षेप हाच होता: खेळाडूंना दिलं ते राक्षसांनाही द्यावं लागेल, आणि मग पात्रं टिकणार नाहीत.

मग करायचं काय? माझं ठाम मत आहे की खेळाडूंचा आणि राक्षसांचा क्रिट वेगळा ठेवा. खेळाडूंना मॅक्स अधिक फासा. राक्षसांना मूळ पुस्तकी नियम, आणि पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला त्याहून हलका: राक्षसाचा क्रिट म्हणजे साध्या फटक्याचं कमाल डॅमेज, दुप्पट फासे नाहीत. चौथ्या आवृत्तीत, २००८ मध्ये, क्रिटचा पाया हाच होता. ऑर्कचा क्रिट मग १५ वर थांबतो. विझर्ड कोसळतो, सात डॅमेज वर उरतं, आठ लागलं असतं. बाकीचे जिवाच्या आकांताने त्याच्याकडे धावतात. लढाईत जी धास्ती हवी ती पूर्ण मिळते आणि तीन पानी पूर्वकथा लिहून आणलेलं पात्र पहिल्याच संध्याकाळी जात नाही. तिसऱ्या लेव्हलला हा सवलतीचा काळ संपतो हे सगळ्यांना आधीच माहीत असू द्या.

'नियम सगळ्यांना सारखा हवा' असं म्हणणारा एक जण प्रत्येक टेबलावर असतो आणि त्याचं म्हणणं प्रामाणिक असतं. त्याला दाखवा की खेळ आधीपासूनच सारखा नाही. शून्यावर आलेला गॉब्लिन सहसा डेथ सेव्ह टाकत नाही, सरळ मरतो. खुद्द डी अँड डी काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने ऑगस्ट २०२२ च्या प्लेटेस्टमध्ये (नव्या नियमांच्या जाहीर चाचणीत) राक्षसांचे क्रिट पूर्ण काढून पाहिले होते. खेळाडूंनाही क्रिटला फक्त शस्त्राचे आणि हातापायांच्या फटक्याचेच फासे दुप्पट मिळत होते. पुढच्याच पॅकेटमध्ये जुना नियम परत आला. मला वाटतं राक्षसांना क्रिटच नसणं हे दुसरं टोक आहे, त्याने डीएमच्या २० ची भीतीच जाते. पण पात्रं आणि राक्षस वेगळे मोजावेत ही कल्पना काही कुणा एका टेबलाची लहर नाही.

ज्यांना वेगळा नियम अजिबातच नको, त्यांच्यासाठी तिसऱ्या आवृत्तीची, म्हणजे २००० सालची एक पद्धत आहे: कन्फर्म रोल. २० पडला की पुन्हा एकदा तोच हल्ला टाकायचा, तोही लागला तरच क्रिट. ऑर्कला हल्ल्यावर +५ आहे. एसी १५ च्या विझर्डवर दुसरा रोल ५५ टक्के वेळा लागतो, म्हणजे खरा क्रिट २.७५ टक्के. एसी १८ च्या फायटरवर २ टक्के. चिलखताला किंमत येते, हे मला फार आवडतं. खेळाडूंच्या हातात ही पद्धत नकोशी होते, कारण २० पडल्याचा आनंद दुसऱ्या रोलने हिरावला जातो. राक्षसांच्या बाबतीत तेच उलटं होतं. डीएम दुसरा डी२० सगळ्यांसमोर टाकतो, टेबल श्वास रोखून बघतं, ७ येतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. म्हणजे हाही शेवटी राक्षसांपुरताच ठेवलेला बरा.

आणखी एक मार्ग खेळाच्या आतच आहे आणि तो फारच कमी वापरला जातो. ॲडमँटाइनचं चिलखत अंगावर असेल तर क्रिटचा साधा फटका होतो. ग्रेव्ह डोमेनच्या क्लेरिककडे (पुजारी पात्राकडे) तीस फुटांतल्या साथीदारावरचा क्रिट रद्द करण्याची ताकद असते. ग्रुपला क्रिटची धास्ती वाटत असेल, तर खजिन्यात असं एक चिलखत ठेवा. नियमाला हात न लावता प्रश्न सुटतो आणि खेळाडूला तो आपण सोडवला असं वाटतं.

न दिसणारे क्रिट

क्रिट वीसात एकदाच पडतो असं धरून हिशोब करणारे इथे फसतात. बेशुद्ध पडलेल्या किंवा पॅरलाइझ झालेल्या लक्ष्यावर पाच फुटांच्या आतून हल्ला लागला, की तो आपोआप क्रिट असतो. तिथे २० लागत नाही.

याचे दोन परिणाम. पहिला: शून्यावर पडलेल्या पात्राला शेजारच्या राक्षसाने मारलं तर एकदम दोन डेथ सेव्ह गेले. शिवाय कमाल हिट पॉइंटएवढं डॅमेज झालं तर तिथल्या तिथे मृत्यू. आपला आठ हिट पॉइंटचा विझर्ड जमिनीवर आहे, ऑर्कने पुन्हा कुऱ्हाड घातली: २डी१२+३ मध्ये ८ किंवा जास्त यायची शक्यता जवळजवळ ९६ टक्के. म्हणजे पडलेल्या पात्रावर राक्षस हल्ला करणार का, हा डीएमचा निर्णय क्रिटच्या कुठल्याही घरच्या नियमापेक्षा मोठा आहे. तो सेशन झीरोलाच (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) बोलून घ्या. भुकेला घूल खात बसेल, पण शिस्तीचा हॉबगॉब्लिन उभ्या असलेल्या शत्रूकडे वळेल, असं राक्षसागणिक ठरवलं तरी चालतं. खेळाडूंना अंदाज असला म्हणजे झालं.

दुसरा: होल्ड पर्सनसारखा मंत्र. दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट, एक फसलेला सेव्ह, आणि जवळून लागणारा प्रत्येक फटका क्रिट. खेळाडूंना मॅक्सचा नियम दिला असेल, तर या मंत्राची किंमत एकदम वाढते. मी इथे वेगळी अट घालतो: मॅक्स फक्त खरोखर २० पडला तर, आपोआप मिळालेल्या क्रिटला साधे दुप्पट फासे. २० चा मान राहतो आणि मंत्र हाताबाहेर जात नाही.

१ पडला की तलवार हातातून सुटते

हा नियम काढून टाका. पाचव्या आवृत्तीत नॅचरल १ म्हणजे हल्ला चुकला, एवढंच आहे. शस्त्र सुटणं, दोरी तुटणं, मित्राला बाण लागणं हे सगळं टेबलांनी वरून जोडलेलं. अकराव्या लेव्हलचा फायटर एका टर्नला तीन हल्ले करतो, म्हणून दर टर्नला किमान एक १ पडण्याची शक्यता सव्वाचौदा टक्के. पहिल्या लेव्हलला तीच ५ होती. जो जितका तरबेज, तो तितका जास्त धडपडतो. शेजारी फायरबॉल टाकणारा विझर्ड मात्र एकदाही डी२० हातात घेत नाही, त्याला या नियमाची झळच नाही.

त्याऐवजी हल्ल्यात १ पडला की हिरोइक इन्स्पिरेशन द्या, आधीचं शिल्लक असेल तर दुसरं नाही. २०२४ च्या नियमांत त्याने एक फासा पुन्हा टाकता येतो. २०२२ च्या प्लेटेस्टमध्येही एका टप्प्यावर १ ला इन्स्पिरेशन जोडून पाहिलं होतं. ज्याचं नशीब त्या संध्याकाळी रुसलंय त्याच्याच हातात काहीतरी येतं, आणि पुढच्या तक्रारीचा निम्मा कडवटपणा याने जातो.

'माझा फासाच खराब आहे'

ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका. जो खेळाडू चार तास बसून एकही चांगली फेक न बघता घरी जातो, त्याचं दुःख खरं असतं. फक्त त्याचं कारण बहुतेक वेळा फाशात नसतं.

एका संध्याकाळी तीस वेळा डी२० टाकला आणि एकदाही २० पडला नाही, याची शक्यता साडेएकवीस टक्के. पाच खेळाडू असतील तर त्यातल्या किमान एकाची अशी कोरडी संध्याकाळ जाण्याची शक्यता ७० टक्के. म्हणजे दहापैकी सात सेशनना कुणाला तरी वाटणारच की आपल्यावर साडेसाती आहे, आणि सगळे फासे अगदी सरळ असतानाही वाटणार. ओळीने दोन-तीन आठवडे तीच व्यक्ती सापडली, की फासा बदनाम झालाच म्हणून समजा. ॲपवर टाकणाऱ्यांचीही हीच तक्रार असते, तिथे तर झिजायला प्लॅस्टिकही नाही.

तरी फासा तपासायचा असेल तर नीट तपासा. मिठाच्या पाण्यात तरंगवण्याची युक्ती सगळीकडे फिरते. तिने एवढंच कळतं की आत कुठेतरी पोकळी किंवा जड भाग आहे. टेबलावर घरंगळताना त्याचा किती फरक पडतो ते कळत नाही. त्यापेक्षा व्हर्निअर कॅलिपर घ्या आणि समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर मोजा. डी२० वर समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज २१ असते, म्हणजे २० च्या पोटाशी १, १९ च्या पोटाशी २. अशा दहा जोड्या. एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा जवळ असेल, तर फासा त्या बाजूने चपटा आहे आणि ते दोन्ही आकडे जास्त पडतील. गेमसायन्सचे लू झोची हे कित्येक वर्षं लोकांना सांगत आले: कडा गुळगुळीत करायला फासे पिंपात घोळवतात, त्यात ते सगळीकडून सारखे झिजत नाहीत. यातली गंमत बघा. २०-१ या जोडीत चपटा झालेला फासा २० जास्त देतो आणि १ ही जास्त देतो. त्याच एका फाशाला एक जण भाग्यवान म्हणेल आणि दुसरा पनवती.

आकड्यांनी तपासायचं तर दोनशे फेकी टाका. प्रत्येक आकडा सरासरी दहा वेळा यायला हवा. प्रत्येक आकड्यासाठी आलेल्या वेळांतून १० वजा करा, वर्ग करा, वीसही वर्गांची बेरीज करा. ती ३०१ च्या पुढे गेली तर फाशावर संशय घ्यायला जागा आहे. सरळ फासाही वीस चाचण्यांत एकदा असा निकाल देतोच, म्हणून पुन्हा दोनशे टाकून बघा, दुसऱ्यांदाही तेच आलं तर फासा बाजूला ठेवा. नुसता २० चा आकडा बघणार असाल, तर दोनशेत चार ते सोळा वेळा येणं हे नेहमीचंच.

एक फासा मात्र चाचणी न करता काढून घ्यावा: मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या पाकिटातला, आयुष्य मोजण्याचा डी२०. दिसायला तसाच, पण त्यावर आकडे ओळीने असतात, २० च्या शेजारी १९, त्याच्या शेजारी १८. नेहमीच्या डी२० वर २० च्या तीन कडांना २, ८ आणि १४ असतात, मोठे-लहान मिसळलेले. ओळीच्या फाशावर मोठे आकडे सगळे एकाच गोलार्धात, त्यामुळे हलक्या हाताने घरंगळवणाऱ्याला तो साथ देऊ शकतो. कुणी मुद्दाम करतंय असं नाही, पुष्कळांना फरकच माहीत नसतो. सेशनच्या सुरुवातीला सगळे डी२० एकदा नजरेखालून घाला.

बदल करतानाची पथ्यं

फासा टेबलावर पडल्यानंतर नियम बदलायचा नाही. पात्र मेलं, सगळे हळहळले, म्हणून त्याच क्षणी क्रिटचा नियम मागे घेतला, तर पुढच्या प्रत्येक मृत्यूला वाटाघाटी सुरू होतात. मेलेल्या पात्रासाठी काही करायचंच असेल तर ते कथेतून करा. नियमाचं बोलणं दोन सेशनच्या मध्ये, ग्रुपवर, सगळ्यांना विचार करायला वेळ देऊन.

नवा नियम एका ओळीत लिहून काढा: कुणाच्या क्रिटला, कोणत्या फाशांना, कोणत्या लेव्हलपासून. एका ओळीत मावत नसेल तर लढाईच्या धांदलीत तो कुणाला आठवणार नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. क्रिट वाढवला, १ चा नियम काढला, इन्स्पिरेशन जोडलं, हे सगळं एकाच रविवारी केलं तर कशाने काय झालं ते कळणारच नाही. तीन-चार लढाया जाऊ द्या आणि मग प्रत्येकाला विचारा, विशेषतः जो गप्प बसतो त्याला.

ऑनलाइन खेळत असाल तर जास्त सांभाळा. फाउंड्री किंवा रोल२० यांसारख्या ऑनलाइन टेबलावर क्रिटची सेटिंग बदलली, की ती खेळाडूंबरोबर राक्षसांनाही लागू होते का हे पहिल्यांदा बघा. बहुतेक गोंधळ तिथेच होतो. टेबलावर वेगळा ठेवलेला नियम सॉफ्टवेअर निमूटपणे एक करून टाकतं. सेशनच्या आदल्या दिवशी रिकाम्या नकाशावर एक गॉब्लिन ठेवा आणि त्याच्या सिमिटारचा (वाकड्या तलवारीचा) क्रिट टाकून बघा. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलची सवलत लागू असेल तर डॅमेज बरोबर ८ यायला हवं. कमी किंवा जास्त आलं, तर त्या दोन लेव्हल संपेपर्यंत राक्षसांचं क्रिट डॅमेज हातानेच भरा.